शांताबाई मोरे, वय बहात्तर

आमच्या घरी फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात औषधं असतात. कोणी आजारी पडलं की गोळ्या येतात, माणूस बरा होतो आणि उरलेल्या दोन-चार गोळ्या डब्यात जातात. दुकानदाराने पट्टी कापून दिलेली असते आणि नावाची बाजू नेमकी त्याच्याकडे राहिलेली असते. त्यामुळे डबा भरत जातो आणि आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. आत्याच्या क्लासमधले किस्से माझ्याकडे असेच साठले आहेत. फरक इतकाच, की त्यातली नावं मला पाठ आहेत आणि बहुतेक किश्श्यांत पचका झालेली व्यक्ती मीच आहे.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एका मोठ्या हॉस्पिटलात ती आयुष्यभर सिस्टर होती. रिटायर झाल्यावर तिने मुलुंड ईस्टला एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर प्रॅक्टिकल नर्सिंगचा क्लास काढला. माझे आई-बाबा दोघंही संध्याकाळपर्यंत कामावर असतात, म्हणून शाळा सुटली की मी तिथे जाते आणि मागच्या बाकावर बसून नववीचा अभ्यास करते. निदान घरी तसं सांगते.

क्लासमध्ये प्रणाली आहे. ती मानखुर्दहून येते, मोठ्याने बोलते आणि त्याहून मोठ्याने हसते. मी तिला ताई म्हणते, पण लिहिताना नुसतं प्रणाली लिहिते, कारण तिनेच बजावलंय, "ताई लिहिलंस तर मी म्हातारी वाटेन यार." नाहूरच्या एका नर्सिंग होममध्ये तिची नोकरी ठरलेली होती. अट एकच, प्रॅक्टिकल परीक्षा पास व्हायची. पहिल्या वेळी ती नापास झाली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी एका परीक्षेपुरती थांबते. मग मात्र दुसरी मुलगी घेईन."

त्यामुळे यंदा सगळ्या क्लासला एकच काळजी होती, प्रणाली या वेळी पास होते की नाही. आणि ते ज्यांच्यावर अवलंबून होतं त्यात एक मी होते. मी, जी रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायला लाजते आणि पुढच्या सिग्नलवरून चालत मागे येते.

* * *

क्लासमध्ये एक डमी आहे. कमरेपासून वरची. आत्याने ती कुठूनतरी सेकंडहँड आणली. छाती दाबायला, पट्टी बांधायला ठीक आहे, पण तिचं तोंड उघडत नाही. त्यामुळे गोळी द्यायची प्रॅक्टिस कशी करायची हा प्रश्न पडला. आत्याने वर्गावरून नजर फिरवली आणि ती मागच्या बाकावर येऊन थांबली.

"ऋचा, ये गो. झोप खाटेवर."

मी झोपले. खाट खिडकीपाशी होती आणि खालून पोळ्यांचा वास येत होता. आत्याने माझ्या उशाशी एक कार्ड अडकवलं, 'शांताबाई मोरे, वय बहात्तर'. मग प्रणालीला म्हणाली, "हा तुझा पेशंट. डमीचं तोंड उघडत नाही, म्हणून जिवंत माणूस दिलाय."

प्रणालीने माझ्याकडे नीट बघितलं.

"सिस्टर, हिचं तरी कुठे उघडतं?"

सगळे हसले. मीही हसले. तोंड न उघडता.

* * *

खरं औषध क्लासमध्ये कोणी कोणाला द्यायचं नाही, हा आत्याचा पहिला नियम. म्हणून बाटल्यांवर औषधांची लेबलं आणि आत बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. बीपीच्या पांढऱ्या, ॲसिडिटीच्या गुलाबी, व्हिटॅमिनच्या पिवळ्या. दुसरा नियम, लेबल तीनदा वाचायचं. बाटली फळीवरून उचलताना, गोळी काढताना आणि बाटली परत ठेवताना.

पण थोड्या दिवसांत सगळ्यांना रंग पाठ झाले आणि वाचणं बंद झालं. हे आत्याच्या लक्षात आलं. एके दिवशी तिने सकाळीच येऊन बाटल्यांतल्या गोळ्यांची अदलाबदल केली. लेबलं होती तशीच, आतले रंग बदलले.

दुपारी आत्या म्हणाली, "शांताबाईंना ॲसिडिटीची एक."

प्रणालीने गुलाबी रंग बघून झटकन बाटली उचलली. मी आडवी होते आणि लेबल माझ्या अगदी डोळ्यांसमोर होतं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, बीपी. मी ते वाचलं. चांगलं तीनदा वाचलं. पण कोणी विचारलेलं नसताना पेशंटने मध्ये बोलावं की नाही, हे माझं ठरेपर्यंत गोळी तोंडात गेली होती.

"मेली," आत्या म्हणाली.

"कोण?" प्रणालीने विचारलं.

"शांताबाई. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. रंग होळीला बघ, इथे लेबल वाच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू खंय बघतंस गो? ऊठ, चूळ भर."

त्या महिन्यात मी बऱ्याच वेळा मेले.

* * *

क्लासमध्ये जाधव काकू आहेत. वय चाळीसच्या पुढे. सासूबाईंचं दुखणंखुपणं घरीच बघावं लागतं, तर निदान नीट शिकून बघू, म्हणून आल्या. "मी नापास झाले तरी चालेल," त्या म्हणतात, "सासूबाई मला रोज नापास करतात, सवय आहे."

एकदा आत्याने सगळ्यांना सांगितलं, "उद्या घरातला चमचा आणा. औषध ज्याने घेता, तो."

दुसऱ्या दिवशी टेबलावर चमच्यांचं प्रदर्शन भरलं. प्रणालीचा चहा-साखरेचा. जाधव काकूंचा बाळाला भरवायचा, त्यांचा बाळ आता कॉलेजात आहे. मीही आणला होता. आमच्या घरी खोकल्याचं औषध ज्याने घेतात तो चमचा लांब दांड्याचा, खोलगट, आईच्या लग्नातल्या सेटमधला.

आत्याने प्रत्येक चमचा पाण्याने भरून मापाच्या कपात ओतला. एकाचंही माप दुसऱ्याशी जुळेना. आमच्या चमच्याचं पाणी ओतल्यावर तिने कप उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ऋचा, खोकल्याचं औषध घेतल्यावर तुला झोप येते?"

मी मान हलवली. मला दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा येते.

"येणारच. हा चमचा नाही, ही आमटीची पळी आहे. बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं, त्याचं काय करता?"

त्याचं आम्ही काय करतो ते मला माहीत होतं. त्यात आई देवापुढे साखर ठेवते. पण ते सगळ्यांसमोर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

* * *

त्याच आठवड्यात आत्याने आमचा फ्रिजवरचा डबाही मागवला. क्लाससमोर तो टेबलावर उलटा केला. बटणं निघाली, सेफ्टीपिना निघाल्या, एक बाहुलीचा बूट निघाला (माझा, म्हणजे माझ्या बाहुलीचा) आणि पुष्कळ अर्ध्या पट्ट्या निघाल्या.

त्यातल्या एका पिवळ्या गोळीच्या पट्टीवर एकही अक्षर नव्हतं. आत्याने तिथूनच बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"संदीप, ती पिवळी गोळी कसली रे?"

"ती ॲसिडिटीची," बाबा म्हणाले. "मस्त आहे. घेतली की लगेच बरं वाटतं."

मग आत्याने आईला फोन लावला.

"ती सर्दीची," आई म्हणाली. "छान आहे हो ती. मागच्या महिन्यात घेतली, दोन दिवसांत मोकळी झाले."

आत्याने पट्टी उचलून सगळ्यांना दाखवली. "बघा. नाव नाही, तारीख नाही, पण नवरा-बायको दोघांनाही गुण आलाय. असलं औषध जगात नाही."

मी घरी परत नेला तो डबा रिकामा होता. बाहुलीचा बूट तेवढा आत्याने परत दिला.

* * *

बाबांचा आणखी एक किस्सा आहे. खरं तर तो माझाच आहे.

रविवार होता, घरी पाहुणे आले होते. बाबांच्या ऑफिसातले, त्यामुळे बाबा जरा सावरून बसलेले. जेवणं झाल्यावर बाबांनी डॉक्टरांनी नवीन दिलेली व्हिटॅमिनची गोळी काढली. मोठी, नाण्याएवढी. ती पाण्यात विरघळवून प्यायची असते. फेसाळते. मला हे पक्कं माहीत होतं, कारण आदल्याच दिवशी क्लासमध्ये औषध कोणत्या मार्गाने द्यायचं ते शिकवलं होतं.

बाबांनी ती तोंडात टाकली.

मला ओरडायचं होतं. पण पाहुण्यांपैकी एक जण क्रिकेटबद्दल बोलत होते आणि त्यांचं वाक्य मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. मी वाक्य संपायची वाट बघितली. ते काका लांब वाक्यं बोलायचे. तोवर बाबांच्या तोंडातून फेस येऊ लागला, नाकातूनही थोडा आला आणि पाहुण्यांपैकी एका काकूंनी किंचाळून ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं.

बाबांनी बेसिनशी जाऊन चूळ भरली. आईने विचारलं, "ऋचा, तुला माहीत होतं?"

मी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"काका बोलत होते," मी म्हणाले.

आत्याला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. "बोलायला उशीर झाला की काय होतं ते बघितलंस ना," एवढंच म्हणाली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

* * *

जाधव काकूंच्या सासूबाईंना साखर आहे. त्यांची एक गोळी जेवणानंतरची. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी काकू काळजीत क्लासला आल्या. सासूबाईंची शुगर चढली होती.

"गोळी दिली नव्हतीस?" आत्याने विचारलं.

"देत होते. त्या म्हणाल्या, गोळी जेवणानंतरची आहे आणि मला उपास आहे. मी जेवलेच नाही तर गोळी कशी घेऊ?"

"मग दिवसभर उपाशी?"

"छे हो. सकाळी साबुदाण्याची खिचडी दोनदा, दुपारी बटाट्याचे पापड, शेंगदाण्याचा लाडू, चार वाजता रताळ्याचा कीस."

आत्याने कपाळावर हात मारला नाही, पण तिचा हात तिथपर्यंत गेला होता. "त्यांना सांग, उपास देवाला कळतो, साखरेला कळत नाही. आणि उपास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गोळीचं काय करायचं. आपल्या मनाने बंद नाही, आपल्या मनाने चालू नाही."

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्या सिस्टर देव मानत नाहीत वाटतं."

* * *

आता प्रणाली पहिल्या वेळी नापास का झाली ते सांगते.

त्या परीक्षेत खालच्या वॉचमनकाकांना पेशंट म्हणून झोपवलं होतं. ते खरोखरच झोपले. प्रणाली ट्रे घेऊन गेली आणि कार्ड न बघताच म्हणाली, "सुरेशकाका ना तुम्ही?" त्यांनी झोपेत मान हलवली. तिने गोळी दिली. उशाच्या कार्डावर नाव रमेश होतं.

हे प्रणालीला पटत नव्हतं. "अरे, तो स्वतः हो म्हणाला, तर माझी काय चूक?" असं ती म्हणायची. म्हणून एके दिवशी आत्याने गुपचूप मला दुसऱ्या खाटेवर झोपवलं आणि कानात सांगितलं, "आज तू कमल शिंदे."

प्रणाली आली. "शांताबाई ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने गोळी दिली.

"मेली," आत्या म्हणाली.

"सिस्टर, ती हो म्हणाली. सगळ्यांनी बघितलं."

आत्या माझ्या खाटेपाशी आली. "ऋचा, तू कमल शिंदे ना?"

मी मान हलवली.

"तू शांताबाई मोरे ना?"

मी मान हलवली.

"आणि तू जाधव काकूंची सासू ना?"

मान हलून गेल्यावर मला प्रश्न कळला. जाधव काकू पटकन पदर सावरून उभ्या राहिल्या.

आत्या वळली. "हे बघ. अर्धे पेशंट असेच असतात. कोणाला ऐकू येत नाही, कोणी तापात असतो, आणि कोणाला वाटतं सिस्टरला कशाला त्रास, म्हणून हो म्हणतो. 'तुम्ही अमुक ना?' असं कधी विचारायचं नाही. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. नाव आपण सांगायचं नाही, पेशंटने सांगायचं. मग ते कार्डाशी ताडायचं."

प्रणालीने वही काढून ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

* * *

ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यानंतर घाटकोपरच्या एका छोट्या हॉस्पिटलात तिला प्रॅक्टिससाठी पाठवलं. तिथे शेजारशेजारच्या खाटांवर दोन आज्या होत्या. दोघीही सुमन, दोघीही पाटील. एकीची हातातली नावाची पट्टी अंग पुसताना भिजून पुसट झाली होती.

"आजी, पूर्ण नाव सांगा," प्रणाली म्हणाली.

"सुमन पाटील."

"मधलं नाव?"

आजी लाजल्या. "ह्यांचं नाव मी घेत नाही."

प्रणाली म्हणाली, नाव घेतल्याशिवाय गोळी नाही. वॉर्डमधली सिस्टर म्हणाली, नवी पट्टी करून आणते, थांबा. पण तोवर आजींनी घसा साफ केला होता.

"सकाळी पांढरी, दुपारी पिवळी, गोळ्यांची लागली रांग,
वसंतरावांचं नाव घेते, तुझ्या मॅडमला जाऊन सांग."

अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. ते ऐकून शेजारच्या सुमन पाटील उठून बसल्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनीही उखाणा घेतला, आणि त्यांचा चांगला लांब होता, त्यात महादेव, बेल, पिंड सगळं आलं. मग समोरच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, माझंपण ऐका.

क्लासला येऊन प्रणालीने आत्याला रिपोर्ट दिला, "पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर. फक्त वेळेची वाट लागली."

* * *

परीक्षा जवळ आली. वॉचमनकाका गावी गेले होते, त्यामुळे पेशंट मीच होणार हे ठरलं. प्रणालीने मला जिन्यात गाठलं.

"हे बघ. मी विचारणार, तुमचं पूर्ण नाव सांगा. तू म्हणायचं, शांताबाई मोरे. दोन शब्द. तू मान हलवलीस, किंवा गप्प बसलीस, तर माझी नाहूरची नोकरी गेली. समजलं?"

मी मान हलवली.

"बघ! हेच," प्रणाली म्हणाली. "शांताबाई राहू दे. आधी स्वतःचं नाव तर मोठ्याने सांगायला शीक."

तेव्हापासून तिने माझा पिच्छाच पुरवला. वडापाव घेतला की हातात धरून उभी राहायची. "पूर्ण नाव सांगा." मी "ऋचा संदीप पेडणेकर" म्हटल्याशिवाय वडापाव मिळायचा नाही. आणि पुटपुटलं तर चालायचं नाही, वडापाववाल्याला ऐकू जायला हवं. पुढे पुढे तोच आधी विचारायला लागला. पेन हवं, पूर्ण नाव सांगा. पाण्याची बाटली हवी, पूर्ण नाव सांगा. एकदा वही द्यायला ती आमच्या घरी आली आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, तेव्हा तिला माझं खरं दुखणं कळलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. आम्ही राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये त्यांनी मला "पूजा" म्हणून हाक मारली. पूजा ही आमच्या फ्लॅटमध्ये आधी राहणारी मुलगी. मला वाटलं, यांचं बोलणं झालं की सांगू. तोवर त्यांचा मजला आला. दुसऱ्या दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होतं. आता तर इतकी वर्षं झालीत, की सांगितलं तर त्यांनाच वाईट वाटेल. संक्रांतीला त्या पूजासाठी तिळाच्या वड्या पाठवतात. मी खाते.

"काय गं पूजा, मैत्रीण का?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली. काकू उतरल्या. प्रणाली आमचा मजला येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्या घरच्यांना माहितीये?"

"हो," मी म्हणाले. "लिफ्टमध्ये आई मला हाकच मारत नाही."

* * *

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक मॅडम आल्या. चष्मा साखळीला, आवाज हळू. हळू आवाजाची माणसं मला जास्त घाबरवतात, कारण ती माझ्यासारखी असतील असं वाटतं आणि मग ती तशी निघत नाहीत. आत्याला आत यायची परवानगी नव्हती, ती दाराच्या काचेतून बघत होती.

मी खाटेवर होते. उशाशी कार्ड, 'शांताबाई मोरे, वय बहात्तर'. मनातल्या मनात घोकत होते, शांताबाई मोरे, शांताबाई मोरे.

प्रणाली ट्रे घेऊन आली. तिने हात धुतले होते. लेबल तीनदा वाचलं. छोट्या कपात एक पांढरी गोळी काढली. मग माझ्यापाशी उभी राहून, अगदी वडापाव धरल्यासारखा कप धरून म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"ऋचा संदीप पेडणेकर," मी म्हणाले.

मोठ्याने, स्पष्ट. आयुष्यात मी इतकं स्पष्ट काही बोलले नसेन. दाराबाहेर आत्याने डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

प्रणालीने कार्डाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला जमीन फाटून आत जायचं होतं, पण खाली पोळीभाजी केंद्र होतं.

"अगं, घाबरली ती," परीक्षक मॅडम म्हणाल्या. "शांताबाईच आहे. दे तू."

प्रणालीने कप पुढे केला नाही. "मॅडम, पेशंट दुसरं नाव सांगतेय."

"मी सांगतेय ना, हीच आहे. वेळ जातोय तुझा."

प्रणालीने कप मागे घेतला. कपातली गोळी वाजत होती, मला ऐकू येत होती.

"तुम्ही सांगताय, मॅडम," ती म्हणाली. "पण गिळणार ती आहे. मी नाही देणार."

परीक्षक मॅडम उठल्या. हळूहळू चालत माझ्यापाशी आल्या, खाली वाकल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, तू शांताबाई मोरे ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मानेला तो रस्ता पाठ होता. ती निघालीसुद्धा होती, खाली.

"नाही," मी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग प्रणालीकडे. तिच्या हातातल्या कपातली पांढरी गोळी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि चघळत चघळत म्हणाल्या, "बडीशेप. चला, पुढची मुलगी."

* * *

निकाल लागला त्या संध्याकाळी प्रणाली माझ्याबरोबर आमच्या घरी यायला निघाली. हातात पेढ्यांचा बॉक्स. "पहिला तुझ्या आईला, दुसरा तुला, आणि सोमवारी नाहूरला जाताना तिसरा मी खाणार," म्हणाली.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"अगंबाई, पेढे? कसले गं पूजा?" त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला.

प्रणालीने बॉक्स उघडला होता. एक पेढा उचललाही होता. तिने तो परत आत ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाली, "कोण पूजा?"

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. कोणी उतरेना.

"पूजाच ना ही?" काकूंनी तिला विचारलं.

"मला नका विचारू, काकू. तिला नाव विचारा," प्रणाली म्हणाली. "विचारा. सांगू नका."